नॉनलोकॅलिटीचा वाद समजून घ्यायचाय? आधी वही आणि दोन नाणी घेऊन बसा

२०२२ चं फिजिक्सचं नोबेल अलँ आस्पे, जॉन क्लाउझर आणि अँटोन झायलिंगर या तिघांना मिळालं, तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी मला विचारतंच, मॅडम ते एन्टँगलमेंटचं काय आहे, इथला कण हलवला की तिकडे चंद्रावरचा हलतो म्हणे, खरं का? मी गोव्यात फोंड्याजवळ राहते, बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते, आणि या एका प्रश्नाने, म्हणजे लांबच्या दोन गोष्टींत थेट काही चालतं का या नॉनलोकॅलिटीच्या प्रश्नाने, मला बरीच वर्षं धरून ठेवलंय. विचारणारे बहुतेक जण व्हिडिओ बघून आलेले असतात आणि दोनपैकी एक वाक्य पाठ करून येतात, एकतर "आइन्स्टाइन चुकला" नाहीतर "प्रकाशापेक्षा वेगवान काहीतरी सापडलं". दोन्ही वाक्यांत मधली पायरी गाळलेली असते, आणि खरी मजा, खरा वाद, सगळं त्या मधल्या पायरीतच आहे. म्हणून मी मुलांना ज्या क्रमाने नेते तोच क्रम इथे लिहितेय. गणित दहावीचं पुरतं, एका ठिकाणी कोसाइनचा वर्ग येतो तेवढाच. दोन-तीन संध्याकाळी द्या आणि वही खरंच जवळ घ्या, नुसतं वाचून हा विषय डोक्यात बसत नाही.

पायरी १: चपलेचं उदाहरण समजून घ्या आणि तिथेच थांबू नका

घाईत बॅग भरली, पुण्याला पोचून उघडली तर आत एकच चप्पल, डावी. त्याच क्षणी तुम्हाला कळलं की उजवी फोंड्याला दारात राहिली. आता फोंड्याहून पुण्याला काही सिग्नल आला का? नाही. उजवी तिथे आधीपासूनच होती, तुम्हाला फक्त कळलं आत्ता.

आइन्स्टाइनचं म्हणणं साधारण याच दिशेचं होतं. १९३५ साली त्याने पोडोल्स्की आणि रोझेनबरोबर जो पेपर लिहिला त्याचा गाभा असा की दोन कण एकत्र तयार होऊन लांब गेले, एकाकडे बघून दुसऱ्याबद्दल खात्रीने सांगता येतं, आणि इथल्या मोजणीने तिथे काही ढवळत नाही असं धरलं, तर ती गोष्ट तिथे आधीपासून ठरलेली असणारच. क्वांटम मेकॅनिक्स, म्हणजे अणू आणि कणांची थिअरी, मात्र ती ठरलेली गोष्ट सांगत नाही, म्हणजे थिअरी अपुरी आहे. मूळ पेपरात जागा आणि संवेग होते, १९५१ मध्ये डेव्हिड बोमने तेच स्पिनच्या (कणाच्या फिरकीसारख्या एका गुणधर्माच्या) भाषेत सोपं करून मांडलं, आणि मी इथे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, घेतेय कारण पोलरॉइड गॉगल सगळ्यांनी बघितलेला असतो. पोलरायझर, म्हणजे त्या गॉगलच्या काचेसारखी गाळणी, एका कोनात धरला की फोटॉन एकतर पार जातो नाहीतर अडतो, तिसरं काही नाही. एन्टँगल केलेल्या, म्हणजे एकत्र तयार होऊन एकमेकांत गुंतलेल्या, जोडीतला एक फोटॉन म्हापशाला आणि एक मडगावला पाठवला, आणि दोन्हीकडे पोलरायझर एकाच कोनात ठेवला, तर आदर्श परिस्थितीत दोघांचं उत्तर दर वेळी सारखंच येतं. दोघे पार जातील किंवा दोघे अडतील.

इथवर चप्पल पुरते. एकदा मी वर्गात हेच उदाहरण देऊन विषय संपवला होता आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, मॅडम मग यात नवीन काय आहे? तिचं बरोबर होतं, मी जे सांगितलं त्यात नवीन काहीच नव्हतं. जॉन बेल या भौतिकशास्त्रज्ञाने विचारलेला प्रश्न वेगळा होता, दोन्हीकडे सारखाच प्रश्न न विचारता वेगवेगळे प्रश्न विचारले तर? चपलेला आपण एकच प्रश्न विचारतो, डावी की उजवी. फोटॉनला कुठल्याही कोनातून विचारता येतं. सगळं वळण तिथे आहे.

पायरी २: "लोकल" म्हणजे काय ते मासळी बाजारात शिका

ही पायरी लोक उडी मारून पुढे जातात, आणि मग तासनतास भांडतात. त्यामुळे इथे जरा बसू.

१ जून ते ३१ जुलै आपल्याकडे ट्रॉलरची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत म्हापशाच्या बाजारात इसवण (सुरमई) महाग झाला की मडगावलाही महाग झालेला असतो. दोन्हीकडचे भाव एकत्र चढतात, एकत्र उतरतात. म्हणून म्हापशाची मासेवाली दर सकाळी मडगावच्या मासेवालीला फोन करते असं आपण म्हणत नाही, कारण दोघींच्या मागे कारण एकच आहे हे आपल्याला माहीत असतं, बंदी, पाऊस, दर्याचा मूड, बर्फाचा आणि डिझेलचा दर.

आता पुढचं वाक्य सावकाश वाचा. समजा ही सगळी सामाईक कारणं मी तुम्हाला आधीच सांगून टाकली, एकही न ठेवता. मग म्हापशाचा भाव काय असेल याचा अंदाज करताना मडगावचा आजचा भाव कळून तुमचा आणखी काही फायदा होईल का? व्हायला नको. जे एकसारखेपण होतं ते सगळं सामाईक कारणांनी खाल्लं, उरेल ती दोन्हीकडची आपापली घासाघीस. एवढं करूनही फायदा होत असेल, तर एकतर तुमची कारणांची यादी अपुरी आहे नाहीतर त्या दोघींमध्ये थेट काहीतरी चालू आहे.

बेलची लोकॅलिटी म्हणजे हीच. त्याने ती १९७६ मध्ये नीट शब्दांत बांधली आणि तिला लोकल कॉझॅलिटी म्हटलं: एखाद्या घटनेच्या भूतकाळातलं, म्हणजे प्रकाशाच्या वेगाने किंवा त्याहून कमी वेगाने जिथून तिच्यापर्यंत पोचता येतं तिथलं, सगळं पूर्ण माहीत असेल, तर लांबच्या घटनेची बातमी मिळून काही जास्त कळता कामा नये. यात "कण" नाही, "लपलेले चल" (उत्तर ठरवणाऱ्या पण थिअरीत न दिसणाऱ्या गोष्टी) नाहीत, "सगळं आधीच ठरलेलं" हेही नाही. सामाईक कारणांमुळे उत्तर पक्कं ठरत नसेल, नुसती शक्यता ठरत असेल, तरी चालतं. हे लक्षात ठेवा, पायरी ६ ला याच्यावरूनच खरं भांडण आहे.

पायरी ३: खेळ स्वतः खेळा

हा भाग मला सगळ्यात आवडतो. गेल्या जुलैत एका रात्री लाईट गेली होती, बाहेर पाऊस असा की पोफळी दिसत नव्हत्या, आणि भाची सुट्टीला आलेली. तिला आतल्या खोलीत बसवलं, शेजारच्या मुलाला सोप्यावर, दोघांना एकेक मेणबत्ती, एकेक नाणं, एकेक वही. भाची म्हणजे म्हापसा, तो म्हणजे मडगाव. मी मधल्या खोलीत ताट घेऊन. ताट वाजवलं की एक फेरी. दोघांनी आपापलं नाणं उडवायचं, छापा आला तर प्रश्न "समुद्र", काटा आला तर प्रश्न "डोंगर". मग उत्तर लिहायचं, फक्त दोनच उत्तरं चालतात, "आंबा" किंवा "काजू". नियम असा:

दोघांनाही "डोंगर" आला तर उत्तरं वेगळी हवीत. बाकी तिन्ही वेळा उत्तरं सारखी हवीत.

खेळ सुरू व्हायच्या आधी दोघांनी हवं तेवढं बोलून घ्यावं, प्लॅन ठरवावा, चिठ्ठ्या लिहून खिशात ठेवाव्या. एकदा ताट वाजलं की मात्र बोलणं बंद, आणि दुसऱ्याच्या नाण्यावर काय आलं ते कळायला नको.

त्यांनी प्लॅन केला: भाची कायम "आंबा" लिहिणार, तो "समुद्र"ला "आंबा" आणि "डोंगर"ला "काजू". चाळीस फेऱ्यांत ३१ जिंकल्या. मग दोघांनी बराच वेळ डोकं लावून दुसरा प्लॅन केला, चाळीसमध्ये २८. भाची म्हणाली, मावशी, दर फेरीला प्लॅन बदलू, आधीच यादी करून ठेवू, पहिल्या फेरीला हा, दुसऱ्या फेरीला तो. मी म्हटलं कर. तरी गाडी चारात तीनच्या आसपासच फिरत राहिली.

असं का होतं ते वहीत चार ओळीत दिसतं. भाचीने "समुद्र"साठी ठरवलेलं उत्तर आणि त्याचं "समुद्र"साठीचं उत्तर सारखं हवं, ही पहिली अट. भाचीचं "समुद्र" आणि त्याचं "डोंगर" सारखं हवं, दुसरी. भाचीचं "डोंगर" आणि त्याचं "समुद्र" सारखं हवं, तिसरी. आता या तीन जोडा: भाचीचं डोंगर = त्याचं समुद्र = भाचीचं समुद्र = त्याचं डोंगर. म्हणजे दोघांचं "डोंगर"चं उत्तर सारखंच झालं. आणि चौथी अट सांगते ते वेगळं हवं. झालं, अडकलात. कुठल्याही ठरलेल्या प्लॅनने चारपैकी जास्तीत जास्त तीन अटी पाळता येतात. पटत नसेल तर सगळे प्लॅन लिहून बघा, प्रत्येकाकडे चार पर्याय, एकूण १६ जोड्या, पंधरा मिनिटांचं काम. आणि प्लॅन बदलत राहिलात तरी तुम्ही ७५ टक्क्यांच्या वर न जाणाऱ्या गोष्टींचीच सरासरी काढताय, ती ७५ च्या वर जाणार कुठून.

बेलने १९६४ साली मांडलेल्या प्रमेयाचं हृदय हे एवढंच आहे. जॉन बेल मूळचा बेलफास्टचा, नोकरी सर्न या कण-प्रयोगशाळेत, तिथलं रोजचं काम वेगळंच, आणि हे तो उरलेल्या वेळात करायचा. मी वर खेळ सांगितला तो १९६९ मध्ये क्लाउझर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट यांनी केलेल्या सुधारित रूपातून येतो. त्यांच्या मापात मर्यादा २ असते, आपल्या खेळात ती ७५ टक्के. गोष्ट तीच.

पायरी ४: आता खिशात चिठ्ठ्यांऐवजी फोटॉन द्या

म्हापसा आणि मडगाव दोघांकडे एन्टँगल फोटॉनांच्या जोडीतला एकेक फोटॉन आणि एकेक पोलरायझर. म्हापशाने "समुद्र" आल्यास पोलरायझर ० अंशात ठेवावा, "डोंगर" आल्यास ४५ अंशात. मडगावने "समुद्र"ला २२.५ अंश, "डोंगर"ला उणे २२.५ अंश. फोटॉन पार गेला तर "आंबा", अडला तर "काजू".

क्वांटम मेकॅनिक्सचा नियम: दोन कोनांत जो फरक असेल त्याच्या कोसाइनचा वर्ग म्हणजे उत्तरं सारखी येण्याची शक्यता. आता चारही जोड्यांचा फरक वहीत काढा. पहिल्या तीन जोड्यांत फरक २२.५ अंश, सारखं यायची शक्यता सुमारे ८५.४ टक्के, आणि आपल्याला तिथे सारखंच हवंय. चौथीत, डोंगर-डोंगर, फरक ६७.५ अंश, सारखं यायची शक्यता सुमारे १४.६ टक्केच, म्हणजे वेगळं यायची ८५.४. तिथे आपल्याला वेगळंच हवंय! चारही जोड्यांत जिंकायची शक्यता ८५.४ टक्के.

इथे मुलं हमखास गप्प होतात. कारण थोड्या वेळापूर्वी त्यांनीच स्वतःच्या हाताने सिद्ध केलेलं असतं की ७५ च्या वर कोणताही प्लॅन जाऊ शकत नाही. म्हणजे फोटॉन खिशात चिठ्ठ्या घेऊन निघालेले नाहीत. चपलेची गोष्ट इथे मोडते.

१९८० मध्ये त्सिरेल्सनने दाखवलं की क्वांटमची कमाल हीच आहे, याच्या वर नाही. आणि १९९४ मध्ये पोपेस्कू आणि रोरलिख यांनी दाखवलं की १०० टक्के जिंकणारी काल्पनिक पेटी घेतली तरी तिच्यातून प्रकाशापेक्षा वेगाने निरोप पाठवता येत नाही. मग निसर्ग ८५.४ वरच का थांबला? हा प्रश्न मला अजूनही रात्री जागवतो, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

पायरी ५: प्रयोगांचा इतिहास थोडक्यात, पण पळवाटा नीट समजून

१९७२ मध्ये बर्कलीला फ्रीडमन आणि क्लाउझर यांनी कॅल्शियमच्या अणूंमधून निघणाऱ्या फोटॉनांवर पहिला प्रयोग केला, सुमारे २०० तासांची मोजणी. क्लाउझरला स्वतःला वाटत होतं की क्वांटम मेकॅनिक्स हरेल! हरलं नाही. १९८२ मध्ये आस्पेच्या गटाने फोटॉन वाटेत असतानाच सेटिंग, म्हणजे पोलरायझरचा कोन, बदलायची व्यवस्था केली. १९९८ मध्ये इन्सब्रुकला झायलिंगरच्या गटाने ४०० मीटर अंतरावर तेच खऱ्या रँडम सेटिंगने केलं.

पळवाट म्हणजे काय? रायबंदरच्या धक्क्यावरून चोडणला हाक मारली तर ती पोचायला काही सेकंद लागतात, बरोबर? उत्तर त्याआधीच लिहून झालं असेल तर हाकेचा उपयोग नाही. तसंच इथे प्रकाशाच्या बाबतीत. दोन्हीकडची उत्तरं इतक्या पटकन नोंदली गेली पाहिजेत की मधल्या वेळात प्रकाशसुद्धा एकीकडची बातमी दुसरीकडे नेऊ शकणार नाही. ही एक पळवाट. दुसरी, बरेच फोटॉन डिटेक्टरला सापडतच नाहीत, मग जे सापडले तेवढेच निवडक आहेत कशावरून? परीक्षेला फक्त हुशार मुलं हजर राहिली आणि आपण निकाल शंभर टक्के म्हणून सांगितला, त्यातला प्रकार. दोन्ही पळवाटा एकाच प्रयोगात बंद व्हायला २०१५ उजाडलं, त्या वर्षी डेल्फ्ट, व्हिएन्ना आणि बोल्डर अशा तीन ठिकाणी ते झालं.

डेल्फ्टचे आकडे मी वर्गात फळ्यावर लिहिते. दोन प्रयोगशाळांत अंतर १२८० मीटर, प्रकाशाला तेवढं जायला ४.२७ मायक्रोसेकंद, दोन्हीकडे सेटिंग निवडून उत्तर नोंदून होईपर्यंतचा सगळा वेळ त्याच्या आत. एकूण फेऱ्या फक्त २४५, त्यातल्या १९६ जिंकलेल्या. ८० टक्के. भाचीच्या वहीतला ७५ चा आकडा शेजारी लिहून बघा म्हणजे कळेल मी का हलते ते.

तिसरी पळवाट जरा विचित्र आहे, प्रश्न निवडणारं नाणंच आधीपासून फोटॉनांशी संगनमत करून असेल तर? म्हणून ३० नोव्हेंबर २०१६ ला जगभरच्या सुमारे १ लाख लोकांनी ऑनलाइन गेम खेळून शून्य-एक दिले आणि त्यावरून प्रयोगांची सेटिंग ठरवली गेली, आणि २०१८ मध्ये अब्जावधी वर्षांपूर्वी क्वेसारमधून, म्हणजे फार लांबच्या आकाशगंगांच्या तेजस्वी केंद्रांमधून, निघालेल्या प्रकाशावरून सेटिंग ठरवली गेली. निकाल तोच. ही पळवाट पूर्ण बंद करता येत नाही, फक्त लांब ढकलता येते, आणि ती फार लांब ढकलली गेलीय.

एक गोष्ट इथेच पक्की करून घ्या. याने निरोप पाठवता येत नाही. मडगावला बसलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूला कायम निम्मे आंबा, निम्मे काजू दिसतात, म्हापशाने पोलरायझर कुठेही फिरवला तरी. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावरच नातं दिसतं, आणि वही आणायला गाडीच लागते, किंवा फोन. १९८२ मध्ये निक हर्बर्टने निरोप पाठवायची एक युक्ती सुचवली होती, तिच्यात चूक शोधता शोधता वूटर्स आणि झुरेक, आणि वेगळेपणे डीक्स, यांना क्वांटम स्थितीची हुबेहूब कॉपी काढता येत नाही हे प्रमेय मिळालं. चुकीच्या कल्पनेतून किती चांगलं निघू शकतं बघा.

आणि हो, यावरून टेलिपथी, दूरवरून उपचार, मनातलं विश्वाला कळतं, असं जे फिरत असतं त्याला इथे आधार नाही. माझ्या जवळच्या माणसांनी अशा गोष्टींवर पैसे घातलेले मी बघितलेत, म्हणून हे स्पष्ट लिहितेय.

पायरी ६: आता वादात उतरा

प्रयोगांबद्दल वाद उरलेला नाही. वाद आहे तो हरलं नेमकं काय याच्यावर. तुम्हाला जागोजागी वाचायला मिळेल की बेलने "लोकल रिअलिझम" खोटा ठरवला, म्हणजे लोकॅलिटी आणि रिअलिझम (साधारणपणे, उत्तरं मोजायच्या आधीच ठरलेली असणं) अशी दोन गृहीतकं, त्यातलं एक सोडा, आणि मग लेखक बिनधास्त म्हणतो की आपण रिअलिझम सोडू, लोकॅलिटी वाचली. मीही बरीच वर्षं असंच शिकवायचे.

मग मी बेलचा १९६४ चा पेपर स्वतः वाचला, मोजून ६ पानं, आणि माझं मत बदललं. कारण बेल सुरुवात करतो ती आइन्स्टाइनच्या १९३५ च्या युक्तिवादापासून. दोन्हीकडे सारखा प्रश्न विचारला की उत्तर दर वेळी सारखं येतं, हे दिसतंय. लोकॅलिटी धरली तर याला एकच मार्ग आहे, उत्तरं आधीच ठरलेली. म्हणजे "उत्तरं ठरलेली आहेत" हे वेगळं गृहीतक म्हणून दारातून आत आलेलं नाही, ते लोकॅलिटीमधूनच निघालंय. आणि ठरलेल्या उत्तरांनी ७५ च्या वर जाता येत नाही हे भाचीने दाखवलंच. मग सोडायचं काय? जे मूळ होतं तेच. टिम मॉडलिनसारखे तत्त्वज्ञ हेच जोरात मांडतात, की बेलने निसर्ग नॉनलोकल आहे हे दाखवलं, आणि माझा कल त्यांच्याकडे आहे.

पण कल आहे म्हणून दुसरी बाजू नीट न ऐकणं बरोबर नाही, म्हणून प्रत्येक बाजू त्यांच्याच तोंडून ऐका.

बोमच्या थिअरीत कणांना कायम ठरलेली जागा असते आणि एक लाट त्यांना वाट दाखवते, १९२७ मधली डी ब्रॉग्लीची कल्पना त्याने १९५२ मध्ये पूर्ण केली. ती उघड-उघड नॉनलोकल आहे, लपवाछपवी नाही. गंमत अशी की अशी थिअरी शक्यच नाही हे १९३२ मध्ये फॉन नॉयमनने सिद्ध केलंय अशी सगळ्यांची समजूत होती. १९३५ मध्येच ग्रेटे हर्मान या जर्मन गणितज्ञ बाईंनी त्या सिद्धतेतली फट दाखवली होती, कोणी लक्ष दिलं नाही, आणि ती फट पुढे बेलला पुन्हा शोधावी लागली. बोमची थिअरी वाचूनच बेलला प्रश्न पडला होता की ही नॉनलोकॅलिटी टाळता येणारी आहे की नाही. ग्रेटे हर्मानचं नाव मी प्रत्येक बॅचला सांगते.

एव्हरेटच्या १९५७ च्या मांडणीतले, म्हणजे अनेक जगं मानणारे, म्हणतात की म्हापशाला "आंबा" आला असं एकच उत्तर येतच नाही, दोन्ही येतात, वेगवेगळ्या फांद्यांवर. बेलचं गणित प्रत्येक फेरीला एकच उत्तर धरून चालतं, तेच नसेल तर निष्कर्ष लागू होत नाही. ही प्रामाणिक वाट आहे, किंमत मोठी आहे एवढंच.

क्यूबिझमवाले म्हणतात की क्वांटम स्थिती ही माझी स्वतःची अपेक्षा आहे, बाहेर लटकलेली वस्तू नाही, मडगावचं उत्तर मला कळेपर्यंत माझ्या दृष्टीने ते घडलेलंच नाही, त्यामुळे लांब काही झालं हा प्रश्नच चुकीचा. सुपरडिटरमिनिझमवाले, यात जेरार्ड ट हूफ्टसारखा नोबेल मिळालेला माणूस आहे, म्हणतात की नाणी आणि फोटॉन एकाच मुळापासून बांधलेले आहेत. मला ही वाट पटत नाही, कारण असं मानलं तर औषधाच्या चाचणीतही कोणाला गोळी द्यायची हे चिठ्ठी टाकून ठरवण्यात अर्थ उरत नाही, पण ती तर्काने चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. आणि काही जण म्हणतात की पोलरायझरच्या सेटिंगचा परिणाम मागे, भूतकाळात, फोटॉन निघाला तिथपर्यंत जातो.

आणखी एक बारीक पण कामाचा भेद आहे. जॅरेटने १९८४ मध्ये बेलच्या अटीचे दोन तुकडे केले, शिमोनीने त्यांना नावं दिली. पहिला: लांबच्या सेटिंगवर माझं उत्तर अवलंबून नको. दुसरा: लांबच्या उत्तरावर माझं उत्तर अवलंबून नको. बोमच्या थिअरीत पहिला मोडतो, नेहमीच्या पुस्तकी क्वांटम मेकॅनिक्समध्ये दुसरा. शिमोनीचं म्हणणं होतं की दुसराच मोडत असेल तर रिलेटिव्हिटीशी शांततेत नांदता येईल. मॉडलिन वगैरे म्हणतात हे तुकडे करून काही वाचत नाही. मासळी बाजारात परत जाऊन विचार करा, मडगावचा भाव कळून फायदा होत असेल तर तो भाव तिने स्वतः ठरवला की आपोआप ठरला, याने तुम्हाला फरक पडतो का? मला अजून पूर्ण ठरवता आलेलं नाही, आणि हा भाग मी दर वर्षी नव्याने वाचते.

पायरी ७: कोणी छातीठोक बोललं की हे विचारा

तुम्ही "लोकल" म्हणता तेव्हा निरोप जात नाही एवढंच म्हणताय की बेलची अट म्हणताय? अर्धी भांडणं या एका प्रश्नाने मिटतात, कारण पहिल्या अर्थाने क्वांटम मेकॅनिक्स लोकलच आहे आणि दुसऱ्या अर्थाने नाही. मग विचारा, "रिअलिझम" म्हणजे तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय, आणि तो बेलच्या सिद्धतेत कुठल्या ओळीत वापरला? ओळ दाखवता आली तर ऐकत बसा, त्या माणसाकडून शिकायला मिळेल. आणि शेवटी, दर फेरीला एकच उत्तर येतं आणि नाणी स्वतंत्र आहेत, हे दोन्ही तुम्ही मान्य करता ना?

आइन्स्टाइनबद्दलही जपून बोला. १९४७ मध्ये मॅक्स बोर्न या भौतिकशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रातला तो दूरवरच्या भुताटकीचा शब्द सगळे उचलतात, पण १९३५ चा पेपर प्रत्यक्ष पोडोल्स्कीने लिहिला होता आणि त्यात मुख्य मुद्दा झाकला गेला असं आइन्स्टाइनने त्याच वर्षी श्रोडिंगरला कळवलं होतं. त्याला खुपत होतं ते फासे पडणं, म्हणजे उत्तर नशिबावर असणं, कमी आणि लांबच्या दोन गोष्टी वेगळ्या न राहणं जास्त. त्याने पर्याय अचूक पकडले होते, एकतर थिअरी अपुरी नाहीतर लांबच्या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. कुठल्या बाजूला उत्तर पडेल एवढंच त्याचं चुकलं.

पायरी ८: तिसरा माणूस बोलवा

दोघांचा खेळ जमला की एक मेणबत्ती वाढवा, म्हापसा, मडगाव आणि फोंडा. १९८९ मध्ये ग्रीनबर्गर, हॉर्न आणि झायलिंगर यांनी मांडलेल्या दोनाहून जास्त कणांच्या एन्टँगलमेंटवरून हा खेळ निघतो. प्रश्न तेच, उत्तरं तीच, फक्त नाण्याऐवजी प्रश्न मधल्या माणसाने वाटायचे: एकतर तिघांनाही "समुद्र", नाहीतर कोणत्याही दोघांना "डोंगर" आणि उरलेल्याला "समुद्र". तिघांना "समुद्र" असेल तर "काजू"ची संख्या सम हवी, शून्य चालेल. दोघांना "डोंगर" असेल तर "काजू"ची संख्या विषम हवी.

क्वांटम मेकॅनिक्सने हा खेळ दर वेळी जिंकता येतो, शंभरात शंभर. आता चार अटी वहीत एकाखाली एक लिहा, प्रत्येकाचं प्रत्येक उत्तर किती ओळींत येतं ते मोजा, आणि चारही ओळींतले "काजू" एकत्र केले तर बेरीज सम यायला हवी की विषम, ते डावीकडून आणि उजवीकडून असं दोनदा काढून बघा.